मॅजेस्टिक : पाडलेले चित्रगृह आणि उरलेले नाव

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयात कथा-कादंबऱ्यांचे कपाट उघडावे आणि चार-सहा पुस्तकांची पहिली पाने उलटावीत. ग्रंथालयाचा शिक्का, दाखल क्रमांक, देणगीदाराचे नाव यांच्या सोबतीने एक नाव तेथे हमखास आढळते : मॅजेस्टिक. हे नाव वाचकांच्या इतके अंगवळणी पडले आहे की ते मूळ कोठून आले, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पॉप्युलर, कॉन्टिनेन्टल अशी इंग्रजी नावे मराठी प्रकाशनव्यवसायात आणखीही आहेत. मॅजेस्टिक हे नाव मात्र कोणा प्रकाशकाने विचारपूर्वक योजलेले नाही. ते त्याला शेजारच्या एका इमारतीकडून मिळाले. ती इमारत म्हणजे मुंबईच्या गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमा. इमारत १९७०नंतरच्या दशकात पाडली गेली. नाव मात्र पुस्तकांच्या पानांवर राहिले. गोव्यातील एका ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने मुंबईतील एका चित्रगृहाचे स्मरण करावे, हे वरवर पाहता अप्रस्तुत वाटेल. परंतु पेडणे-डिचोलीच्या वाचकाचा आणि त्या चित्रगृहाचा संबंध दिसतो त्याहून जवळचा होता.

तो संबंध समजून घेण्यासाठी प्रथम या दोन तालुक्यांकडे पाहिले पाहिजे. पेडणे आणि डिचोली हे पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादी’तील प्रदेश. सावंतवाडीकरांकडून ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात जी धर्मांतरे आणि देवळांची मोडतोड झाली, तिच्यातून हे तालुके बचावले. साहजिकच देवळे, कीर्तने, पोथ्या, दशावतारी काले आणि त्यांबरोबर येणारी मराठी येथे अखंड राहिली. घरात कोकणी आणि देवळात, पंतोजीच्या शाळेत व हिशेबाच्या वहीत मराठी, अशी ही रीत होती. दोन्ही भाषा एकाच माणसाच्या तोंडी नांदत होत्या.

राज्यकर्त्यांची भाषा मात्र तिसरीच होती. पणजीत १८३२ साली सरकारी ग्रंथालय स्थापन झाले. आजचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. परंतु दीर्घकाळ ते प्राधान्याने पोर्तुगीज जाणणाऱ्यांचे ग्रंथालय होते. मराठी वाचकाला आपली सोय स्वतःच करावी लागली. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदू समाजाला मोकळा श्वास घेता आला. मराठी शाळा, नियतकालिके आणि वाचनालये यांना त्यानंतरच्या दोन दशकांत जोर आला. लोकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली ही वाचनालये म्हणजे एखादी खोली, दोन कपाटे आणि मुंबई-पुण्याहून आलेली पुस्तके. पुढे १९२६ साली लिस्बनमध्ये लष्करी सत्ता आली, तिच्यातून सालाझारची राजवट उभी राहिली आणि पुन्हा पूर्वपरीक्षणाची कात्री चालू झाली. छापण्यापूर्वी मजकूर सरकारला दाखवावा लागे. भाषा होती, वाचक होते. पण मोकळेपणाने, मोठ्या आवाजात बोलण्याची जागा नव्हती.

ती जागा मुंबईत होती. पेडण्याचा माणूस सातार्डा किंवा बांदा ओलांडून, डिचोलीचा माणूस दोडामार्गावरून सावंतवाडीकडे निघे. पुढे वेंगुर्ल्याची आगबोट, नाहीतर पणजीहून सुटणारी बोट, आणि शेवटी मुंबईचा धक्का. ख्रिस्ती गोमंतकीयांची धोबीतलावच्या आसपास गावोगावची ‘कुडे’ होती. हिंदू गोमंतकीयांचा मोठा भरणा गिरगाव आणि त्याच्या आसपासच्या चाळींत होता. एका खोलीत एकाच गावचे आठ-दहा जण, पाळीपाळीने झोपणारे. कोणी छापखान्यात, कोणी दुकानात, कोणी पेढीवर, कोणी गिरणीत. ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’ ही संस्था १९१९ साली मुंबईत स्थापन झाली, यावरून तेथील गोमंतकीयांची संख्या आणि संघटितपणा दोन्ही ध्यानात येतात. याच संस्थेच्या कला विभागाने पुढे ‘मत्स्यगंधा’ आणि ‘नटसम्राट’ ही नाटके रंगभूमीवर आणली. आडनावेही हा प्रवास सांगतात. भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्या आडनावात पेडणे तालुक्यातील मालपे आहे. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटाने गाजलेल्या मीनाक्षी शिरोडकर यांचे माहेरचे आडनाव तर पेडणेकरच होते.

ही वस्ती जेथे होती, तेथेच भारतीय चित्रपटाचा जन्म झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. तो मूकपट होता. पडद्यावरील तारामतीने तोंड हलवले तरी तिचा शब्द ऐकू येत नसे, आणि तारामतीची भूमिकाही पुरुषाने केली होती. अठरा वर्षांनी, १४ मार्च १९३१ रोजी, अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मॅजेस्टिकमध्ये झळकला. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले. चित्रपटाचा नायक होता मास्टर विठ्ठल, म्हणजे मराठी माणूस. चित्रपटाची भाषा मात्र हिंदुस्थानी होती.

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा दिवस एका वर्षाच्या आत उजाडला. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी याच मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याची नोंद केली जाते. गोष्ट तीच, हरिश्चंद्र-तारामतीची. कीर्तनातून आणि आख्यानांतून ती प्रत्येकाला पाठ होती. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले होते आणि तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. दुर्गाबाई माहेरच्या लाड. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे आणि घरात बोलली जाई ती कोकणी. घरी कोकणी बोलणाऱ्या गोमंतकीय कुटुंबातील मुलगी मुंबईच्या पडद्यावर मराठी बोलत होती आणि समोर अंधारात तशाच घरांतून आलेली माणसे ती मराठी ऐकत होती. मूकपटात या दोघांची भेट होऊ शकली नसती. ती घडवली शब्दाने, आणि शब्द प्रथम ऐकू आला तो मॅजेस्टिकमध्ये. पोर्तुगीज गोव्यात छापण्यासाठी ज्या भाषेला परवानगी घ्यावी लागे, ती भाषा येथे चार आण्यांत, भरलेल्या सभागृहात, सर्वांनी मिळून ऐकायची होती. या अनुभवाचे मोल केवळ करमणुकीच्या मापाने मोजता येणार नाही.

मुंबईचा हा चाकरमानी चवथीला गावी येई तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत काय आणी, याची यादी कोणी केलेली नाही. परंतु तिच्यात छापील कागद असे, हे निश्चित. बोलपट आले तसे चित्रगृहांच्या दाराशी पदांच्या चोपड्या विकल्या जाऊ लागल्या. चित्रपटाचे कथासूत्र, भूमिका करणाऱ्यांची नावे आणि सर्व पदे त्यांत छापलेली असत. ज्याने चित्रपट पाहिला नाही त्याला चोपडीवरून तो ‘वाचता’ येई, आणि जी चाल गाणारा मुंबईहून घेऊन आला ती भजनाच्या पेटीवर उतरे. पुस्तकाचे कपाट आणि चित्रपटाचा पडदा यांच्यामधला हा पहिला पूल.

दुसरा पूल अधिक भक्कम निघाला. केशवराव कोठावळे यांनी १९४२ साली मॅजेस्टिक सिनेमाशेजारी पुस्तकविक्रीचा छोटासा व्यवसाय सुरू केला. खेळ सुटण्याची वेळ ही पुस्तकविक्रेत्याला सोन्यासारखी. चित्रपटातून बाहेर पडणारा माणूस अजून गोष्टीच्या धुंदीत असतो. दुसरी गोष्ट समोर दिसली तर तो थांबतो. गिऱ्हाईक म्हणे, ‘मॅजेस्टिकजवळचा बुक स्टॉल’. त्याचा झाला ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’. दुकान वाढले, त्यातून प्रकाशनसंस्था उभी राहिली आणि १९६४ साली ‘ललित’ हे ग्रंथप्रसाराला वाहिलेले मासिक निघाले. कोणते पुस्तक निघाले, कोणते निघणार आहे, कोण लेखक काय लिहीत आहे, हे खेड्यातल्या वाचनालयाच्या कार्यवाहाला घरबसल्या कळण्याची सोय ‘ललित’ने केली. त्यात ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची थट्टामस्करी करणारे जयवंत दळवी हेही पेडण्याला परके नव्हेत. त्यांचा जन्म गोव्यातील हडफडे येथील आणि गाव आरवली. पेडण्याच्या सीमेवरील तेरेखोलच्या खाडीपलीकडे फार दूर नसलेले. त्यांची अनेक पुस्तके मॅजेस्टिकनेच प्रसिद्ध केली.

अशा रीतीने एका जागेवर दोन घरे उभी राहिली, एक पडद्याचे आणि एक पुस्तकाचे. दोघांचे नाव एक, दोघांकडे येणारा माणूस एक. त्यांना जुळी भावंडे म्हणण्यास हरकत नाही.

पेडणे-डिचोलीच्या वाचकाला या काळात एका कठीण प्रसंगातून जावे लागले, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गोवामुक्तीचा लढा तीव्र झाला तसे १९५४पासून सीमेवरचे निर्बंध वाढत गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींनी गोव्यात प्रवेश केला, तेव्हा पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे पोर्तुगीजांच्या गोळीबारात सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यानंतर भारत सरकारने सीमा जवळजवळ बंदच केल्या, रेल्वेही थांबली. बांदा हाकेच्या अंतरावर, पण ते परदेशात असल्यासारखे. मुंबईच्या खोलीत राहिलेल्यांना घर दुरावले आणि गावच्या वाचनालयाला पुस्तके. पुढील सहा वर्षे अनेक कपाटांतील दाखल क्रमांक मंदावले असतील, तर त्याचे कारण या बंद सीमेत शोधले पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि वाट मोकळी झाली. १९६२ साली ‘गोमन्तक’ दैनिक निघाले. मुंबईत ‘सागर साहित्य प्रकाशन’ चालवणारे बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक झाले. मुंबईच्या मराठी प्रकाशनव्यवसायात तयार झालेला एक गोमंतकीय अशा प्रकारे गोव्यात परतला. भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, वाचक वाढले आणि मॅजेस्टिकचे नाव असलेली पुस्तके गावोगावच्या कपाटांत येऊ लागली.

नेमक्या याच काळात, गोव्यात त्याचे नाव पसरत असताना, गिरगावात मूळ मॅजेस्टिक अखेरच्या घटका मोजत होते. १९७०नंतरच्या दशकात चित्रगृह पाडले गेले आणि त्या जागी व्यापारी संकुल उभे राहिले. त्याला नाव मिळाले तेही मॅजेस्टिकच. ज्या जागेवर पहिला भारतीय बोलपट बोलला, ती जागा जपावी असे त्या वेळी फारसे कोणाला वाटले नाही. यात गिरगावकरांनाच दोष देऊन भागणार नाही. जमिनीचा भाव वाढत होता, जुन्या एकपडदा चित्रगृहांचे उत्पन्न घटत होते. नव्या पद्धतीची चित्रगृहेही अमर ठरली नाहीत. ताडदेवला ‘गंगा’ आणि ‘जमुना’ ही एकाच वास्तूतील जुळी चित्रगृहे मोठ्या थाटात उभी राहिली होती. तीही काळाच्या ओघात बंद पडली. पणजीचे जुने ‘सिने नॅशनल’ अनेक वर्षे कुलूपबंद होऊन मोडकळीस आले. पणजीतील ‘सम्राट’ आणि ‘अशोक’ या जोडीला मात्र आयुष्याची दोरी बळकट लाभली. भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे खेळ अलीकडच्या वर्षांत तेथेही झाले आहेत.

चित्रगृह पडले, याहून मोठे नुकसान मात्र वेगळेच आहे. मॅजेस्टिकमध्ये गर्दी खेचणारा ‘आलम आरा’ आज जगात कोठेही पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्यातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या नव्हत्या. त्यामुळे पहिल्या भारतीय बोलपटाचा आवाज कसा होता, हे आज कोणालाही ऐकता येत नाही. मूकपटांची स्थिती याहून वाईट. भारतात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात उरलेले तीसहून कमी आहेत. कारणे साधी आहेत. त्या काळची नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही असे. साठवण नीट नसेल तर ती कुजे किंवा पेट घेई. चित्रपटाचा धंदा संपला की तिच्यातील चांदी काढण्यासाठी ती भंगारात विकली जाई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्धशतकाने. पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यासवेड्या अधिकाऱ्याने गोळा करता येईल तेवढे गोळा केले, तरी २००३ साली पुण्यातील आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. ‘अयोध्येचा राजा’ वाचला, हे मराठीचे भाग्य.

पुस्तकाच्या बाबतीत असे का झाले नाही? पुस्तके जळत नाहीत, कुजत नाहीत असे थोडेच आहे! पेडणे-डिचोलीच्या पावसाळ्यात कपाटात काय काय होते, हे कोणत्याही ग्रंथपालाला विचारावे. वाळवी, कसर, बुरशी यांनी कितीतरी प्रती खाल्ल्या. फरक असा की एका ग्रंथालयातील प्रत गेली तरी दुसऱ्या ग्रंथालयात ती असते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत सरकारकडे देणे बंधनकारक होते. स्वतंत्र भारतात १९५४च्या कायद्याने ती राष्ट्रीय ग्रंथालयाकडे देणे आवश्यक झाले. चित्रपटाच्या मागे असा कायदा कधी उभा राहिला नाही. कायद्याहूनही मोठे बळ होते ते गावोगावच्या वाचनालयांचे. दोन कपाटांच्या त्या खोल्यांनी, आपण काही थोर जतनकार्य करीत आहोत याची जाणीव नसतानाही, प्रती पसरून ठेवल्या. योगायोग असा की ज्या १९३१ साली मॅजेस्टिकमध्ये चित्रपट बोलू लागला, त्याच वर्षी मद्रासमध्ये डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुस्तके वापरासाठी आहेत, हे त्यांचे पहिले सूत्र. चित्रपटही वापरासाठीच होता. परंतु वापर झाल्यावर तो ठेवायचा कोठे, हे सांगणारे सूत्र त्याला वेळेवर मिळाले नाही. चित्रगृह होते, ग्रंथालय नव्हते.

‘आलम आरा’विषयी आज जे काही ठाऊक आहे, ते जाहिराती, छायाचित्रे, पदांची पुस्तिका आणि समकालीनांच्या आठवणी यांतून, म्हणजे कागदावरून. चित्रपटाचा इतिहासही अखेर कागदाच्याच आश्रयाला आला आहे. त्यातून छोट्या ग्रंथालयांसाठी एक कर्तव्य निघते. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतील अनेक घरांत माळ्यावर अजून जुन्या ट्रंका आहेत. त्यांत मुंबईहून आलेली पत्रे असतील, पदांच्या चोपड्या असतील, नाटक-सिनेमाची हस्तपत्रके असतील, एखादे तिकीटही असेल. दाखल नोंदवहीच्या रूढ अर्थाने हे ‘ग्रंथ’ नव्हेत, म्हणून आजवर ग्रंथालयांनी ते मागितले नाहीत आणि घरमालकांनी दिले नाहीत. दर चवथीच्या साफसफाईत त्यांतले थोडे थोडे कमी होते. पहिल्या शंभर वर्षांत ग्रंथालयांनी मुंबईहून आलेली पुस्तके जपली. आता ती पुस्तके पाठवणाऱ्या, वाचणाऱ्या, सिनेमा सुटल्यावर विकत घेणाऱ्या माणसांच्या खुणाही जपल्या पाहिजेत. हे काम उद्यावर टाकता येणार नाही, कारण ज्यांनी गिरगावातले मॅजेस्टिक डोळ्यांनी पाहिले ती पिढी वेगाने ओसरत आहे.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. पेडण्याला स्थानक झाले. ज्या प्रवासाला आगबोट, धक्का आणि दोन दिवस लागत, तो आता एका रात्रीत होतो. पेडण्याचा तरुण रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरू शकतो आणि गिरगावात जाऊन मॅजेस्टिक शोधू शकतो. त्याला तेथे दुकाने दिसतील. पडदा, खुर्च्या, पहिल्या बोलपटाच्या दिवशी जेथे पोलीस उभे होते तो दरवाजा, यांतले काही दिसणार नाही. परंतु गावी परतल्यावर त्याने ग्रंथालयात जावे, जुने कपाट उघडावे आणि एखाद्या कादंबरीचे पहिले पान उलटावे. तेथे दाखल क्रमांकाच्या वर, ग्रंथालयाच्या निळसर शिक्क्याखाली अर्धवट झाकलेले ते नाव त्याला वाचता येईल.